एआयच्या मसुद्यावर सही करण्याआधी

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकर विभागाचा एक आकारणी आदेश रद्द केला. अधिकाऱ्याने ज्या तीन न्यायनिवाड्यांचा आधार घेतला होता, ते अस्तित्वातच नसल्याचे समोर आले होते. एआयच्या या काळात यंत्रणेने पुढे टाकलेल्या निष्कर्षांवर माणूस फार विसंबतो, पण अर्धन्यायिक अधिकार वापरताना ते पडताळल्याशिवाय वापरू नयेत, असे न्यायालयाने सुनावले. प्राप्तिकर अपिलीय न्यायाधिकरणाच्या बंगळूर खंडपीठालाही डिसेंबर २०२४ मधला आपला एक आदेश अशाच न सापडणाऱ्या निवाड्यांमुळे मागे घ्यावा लागला आहे.

हे वाचून कोणी एआयला हात लावायचाच नाही असे ठरवले, तर मला ते पटणार नाही. तालुक्याच्या कोर्टात एकट्याने वकिली करणाऱ्याकडे स्टेनो नसतो, चार ज्युनिअर नसतात, मोठे ग्रंथालयही नसते. दोनशे पानांचे दोषारोपपत्र आदल्या दिवशी हाती येते आणि सकाळी उलटतपास घ्यायचा असतो. अशा वकिलाला हे साधन खरोखर बळ देते. ते कोणत्या कामाला लावायचे आणि कोणत्या कामाला नाही, एवढेच नीट ठरवावे लागते.

त्यासाठी एक भेद मनात पक्का ठेवा. तुम्ही समोर ठेवलेल्या कागदावर एआयकडून काम करून घेणे वेगळे आणि कायदा त्याच्या स्मरणातून वदवून घेणे वेगळे. पहिल्या कामात त्याची चूक तुम्हाला पकडता येते, कारण मूळ कागद तुमच्याच हातात असतो. दुसऱ्या कामात ताडून पाहायला तुमच्यापुढे काहीच नसते.

चॅटजीपीटीसारखे साधन आधीच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द मांडत जाते. निवाड्याचे सायटेशन हा तर ठरलेल्या साच्याचा मजकूर. दोन पक्षकारांची नावे, कंसात वर्ष, खंड, एससीसी किंवा एआयआर, पुढे पान. हा साचा यंत्राला तोंडपाठ असल्यामुळे खोटे सायटेशन अगदी खऱ्यासारखे तयार होते. त्यात न्यायमूर्तींचे नाव आणि परिच्छेद क्रमांकही असतो. न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात २०२३ मध्ये गाजलेल्या माता विरुद्ध एव्हियान्का प्रकरणात हेच घडले. विमानातील सर्व्हिंग कार्ट गुडघ्याला लागून दुखापत झालेल्या प्रवाशाचा तो दावा होता. त्याच्या वकिलांनी दिलेल्या निवाड्यांपैकी सहा निवाडे बनावट निघाले. शंका आल्यावर वकिलाने त्याच चॅटजीपीटीला विचारले, की हा निवाडा खरा आहे ना? खरा आहे, असे उत्तर आले आणि वकिलाने त्यावर विश्वास ठेवला. न्यायालयाने पाच हजार डॉलरचा दंड केला, आणि ज्या न्यायाधीशांच्या नावावर हे निवाडे खपवले गेले त्यांना पत्रे पाठवून हा प्रकार कळवायला लावले. दंडाच्या आदेशातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. प्रतिपक्षाने आणि न्यायालयाने शंका घेतल्यावरही ते वकील त्या निवाड्यांना चिकटून राहिले, यावर न्यायाधीशांनी कडक ताशेरे ओढले. सुरुवातीलाच चूक कबूल केली असती तर प्रकरण एवढ्यावर आले नसते.

वकिलांसाठी बनवलेली सशुल्क साधने घेतली की चिंता मिटली, असाही समज आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२४ मध्ये अमेरिकेतील अशी नामांकित साधने तपासली, तेव्हा साधारण सतरा ते तेहतीस टक्के प्रश्नांना चुकीची किंवा निराधार उत्तरे मिळाली. सामान्य चॅटबॉटपेक्षा हे प्रमाण कमी आहे, पण सही करणाऱ्याला झोप लागावी इतके कमी नाही.

पूर्ण बनावट निवाडा तरी शोधला की सापडत नाही आणि भांडे फुटते. त्याहून घातक प्रकार म्हणजे निवाडा खरा आणि त्यातून काढलेले तत्त्व खोटे. नाव सापडते, सायटेशन जुळते, म्हणून वकील निर्धास्त होतो. प्रत्यक्षात एआयने उचललेला परिच्छेद हा हरलेल्या पक्षाच्या वकिलाचा युक्तिवाद असतो, किंवा अल्पमतातील न्यायमूर्तींचे मत असते, किंवा तो निवाडा पुढे मोठ्या पीठाने मोडीत काढलेला असतो. म्हणून पडताळणी नावापाशी थांबवू नका. सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे २०२३ पासून ई-एससीआरवर विनामूल्य आहेत. उच्च न्यायालयांचे निवाडे ई-कोर्ट्‌सच्या निवाडे संकेतस्थळावर शोधता येतात. तटस्थ सायटेशनही आता आले आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या अशा क्रमांकात बीएचसी या अक्षरांपुढे अपील शाखा, मूळ शाखा, नागपूर, औरंगाबाद, गोवा असा विभागही कळतो. मूळ प्रत उतरवून घ्या, तुम्ही वापरणार तो परिच्छेद स्वतः वाचा, त्याच्या आधीचे आणि नंतरचे पान वाचा, आणि तो निवाडा अजून कायम आहे का ते पाहा. यादीत दहा निवाडे देऊन आठ न वाचलेले असण्यापेक्षा वाचलेले दोनच द्या. न्यायाधीशांनाही तेच हवे असते.

फौजदारी काम करणाऱ्यांनी सध्या दुप्पट सावध राहावे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले आणि कलमांचे क्रमांक उलटेपालटे झाले. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४८२ हे उच्च न्यायालयाच्या अंगभूत अधिकारांचे कलम होते. नव्या संहितेत ४८२ अटकपूर्व जामिनाचे आहे आणि अंगभूत अधिकार ५२८ मध्ये गेले आहेत. फिर्याद रद्द करण्याबाबत एआयला विचारले, तर ते कधी जुने ४८२ सांगते आणि त्याला नव्या कायद्याचे नाव जोडते. भारतीय दंड संहितेचे ३०२ म्हणजे खून, हे तर सर्वांच्या जिभेवर आहे. न्याय संहितेत खुनाची शिक्षा १०३ मध्ये आहे, आणि ३०२ हे धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याबद्दल आहे.

यात आणखी एक खाच आहे. न्याय संहितेचे विधेयक आधी ऑगस्ट २०२३ मध्ये मांडले गेले, मग मागे घेऊन डिसेंबरमध्ये नव्याने आणले गेले. दोन्हींचे क्रमांक जुळत नाहीत. पहिल्या विधेयकात फसवणूक ३१६ मध्ये होती, मंजूर कायद्यात ती ३१८ मध्ये आहे. ऑगस्टनंतर लिहिल्या गेलेल्या असंख्य बातम्या आणि लेखांत जुने क्रमांक तसेच पडून आहेत, आणि एआय असल्याच मजकुरावर शिकलेले आहे. तेव्हा कलमाचा क्रमांक राजपत्रातील किंवा बेअर अ‍ॅक्टमधील मजकुरावरूनच घ्या. गुन्हा कोणत्या तारखेला घडला हेही आधी पाहा, कारण १ जुलै २०२४ पूर्वीच्या गुन्ह्याला दंड संहिताच लागू राहते.

दिवाणी बाजूला अडचण राज्य दुरुस्त्यांची असते. एआयला केंद्रीय कायदा बरा आठवतो, महाराष्ट्राचे वेगळेपण मात्र निसटते. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ५२ त्याला विचारा, ते लिस पेंडन्सचे तत्त्व छान समजावील. पण आपल्याकडील दुरुस्तीनुसार त्यासाठी नोटीस नोंदवावी लागते, हे सांगायचे राहून जाईल. दिवाणी प्रक्रिया संहितेचे महाराष्ट्रापुरते असलेले ९अ हे कलम २०१८ मध्ये वगळले गेले, तरी जुने निवाडे दाखवून ते आजही जिवंत असल्यासारखे उत्तर येऊ शकते. गोव्यातील हिंदू कुटुंबाच्या वारसाहक्काबद्दल विचारले तर हिंदू उत्तराधिकार कायदा पुढे येतो, आणि पोर्तुगीज दिवाणी संहितेच्या परंपरेतला तिथला वेगळा वारसा कायदा व पती-पत्नीची सामाईक मालमत्ता बाजूला राहते. राज्य, तालुका, व्यवहाराची तारीख हे सांगून प्रश्न विचारल्याने उत्तर थोडे सुधारते. पडताळणीची गरज त्याने कमी होत नाही.

आता ज्या कामात एआय मनापासून वापरावे, त्याकडे येतो. सातबारा, फेरफार, नोटिसा, पावत्या अशा कागदांतून तारखांचा तक्ता करणे. पोलिसांपुढील जबाब आणि सरतपास यांतील विसंगती वेगळ्या काढणे. लांबलचक कैफियतीतील मान्य आणि अमान्य मुद्दे वेगळे करणे. इंग्रजी आदेशाचा अर्थ पक्षकाराला समजेल अशा साध्या मराठीत लिहिणे. ही कामे ते झपाट्याने करते. सूचना मात्र नेमकी हवी. उदाहरणार्थ असे लिहा: ‘खाली दिलेल्या पाच जबाबांखेरीज कोणताही मजकूर वापरू नकोस. प्रत्येक विधानापुढे साक्षीदार क्रमांक आणि पान क्रमांक दे. जे कागदात नाही त्यापुढे कागदात नाही असे लिही. कोणताही निवाडा सुचवू नकोस.’ मग प्रत्येक पान क्रमांक उघडून पाहा. पान उघडून पाहण्यात वेळ जातो, पण दोनशे पानांत विसंगती शोधण्यापेक्षा वीस ठिकाणी खात्री करणे निश्चित सोपे आहे.

एआय तुमच्या कलाने बोलते, हेही ध्यानात ठेवा. ‘माझ्या अशिलाची बाजू मजबूत आहे ना?’ असे विचारले की होकारच येणार, आणि चार कौतुकाचे मुद्देही येणार. त्याऐवजी तेच कागद देऊन सांगा, की तू प्रतिवादीचा वकील आहेस, या दाव्यातील कच्चे दुवे दाखव. युक्तिवादाच्या तयारीसाठी मला ही रीत सर्वांत उपयोगी वाटते.

मसुदा लिहून घेताना वेगळी काळजी लागते. दाव्याला ओघ यावा म्हणून एआय स्वतःहून घटना घालते. ‘वादीने वारंवार विनंती करूनही’, ‘प्रतिवादीने साक्षीदारांसमक्ष कबूल केले’ अशी वाक्ये येतात आणि वाचताना ती ओळखीची वाटल्यामुळे नजरेतून सुटतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ६ नियम १५ प्रमाणे दाव्याखाली सत्यापन पक्षकार करतो, सोबत शपथपत्र देतो. पुढे उलटतपासात ‘कोणत्या साक्षीदारांसमक्ष?’ असा प्रश्न आला की कठड्यात उभ्या असलेल्या त्या शेतकऱ्याला उत्तर देता येत नाही, आणि त्याच्या साऱ्या साक्षीवरचा विश्वास उडतो. सही घेण्याआधी मसुदा त्याला मराठीत पूर्ण वाचून दाखवा. घटनेच्या प्रत्येक वाक्याला त्याचा होकार किंवा एखादा कागद असलाच पाहिजे.

महाराष्ट्रात भाषांतराचे काम मोठे आहे. खालच्या न्यायालयांत मराठी, उच्च न्यायालयात इंग्रजी. कोल्हापूरला ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच सुरू झाल्यावर पश्चिम महाराष्ट्रातील आणि कोकणातील कितीतरी वकिलांच्या टेबलावर हे काम नव्याने आले आहे. कच्चे भाषांतर एआय ठीक करते, पण महसुली कागदांवर ते अडखळते. फेरफारातील ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आणि ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ही अक्षरे गळाली किंवा नावाचाच भाग समजली गेली, तर कुटुंबाची जमीन एकट्याची ठरते आणि अज्ञानाचा हिस्सा कागदावरून पुसला जातो. साठेखत आणि खरेदीखत दोन्हींना एकच इंग्रजी शब्द लावला की हक्काचा प्रश्नच उलटतो. मुदत खरेदीचेही तसेच. जुन्या दस्तात १-२० लिहिलेले असते ते एक एकर वीस गुंठे, म्हणजे दीड एकर. एआय ते एक पूर्णांक दोन दशांश एकर असे वाचू शकते, आणि बारा गुंठ्यांचा फरक पडतो. गावाकडे बारा गुंठ्यांवरून तीन पिढ्या कोर्टात गेलेल्या आपण पाहिल्या आहेत. असे भाषांतर महसुली कागद जाणणाऱ्या माणसाने मूळ प्रतीशी ओळ-ओळ ताडलेच पाहिजे, आणि खरी प्रत म्हणून सही करणाऱ्याने ते स्वतः वाचले पाहिजे.

इथे एक पेच उभा राहतो. कागद देऊन काम करून घेणे अचूकतेच्या दृष्टीने सुरक्षित, पण तो कागद पक्षकाराचा असतो. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने वकील आणि पक्षकार यांच्यातील संवादाला संरक्षण दिले आहे आणि बार कौन्सिलचे नियमही गोपनीयतेचे बंधन घालतात. मोफत साधनात टाकलेला मजकूर कंपनीच्या सर्व्हरवर जातो आणि सेटिंग बदलले नसेल तर पुढच्या प्रशिक्षणासाठीही वापरला जाऊ शकतो. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायपालिकेसाठी धोरण आणले, त्यात निष्कर्ष किंवा आदेश काढण्यासाठी एआय वापरायला मनाई केली आणि चॅटजीपीटीसारखी क्लाउडवरची साधने टाळायला सांगितले, त्यामागे ही चिंताही आहे. गोपनीयतेची ही काळजी वकिलानेही स्वतःहून घ्यावी, असे माझे मत आहे.

म्हणून कागद देण्याआधी नावे, पत्ते, आधार आणि बँक खात्यांचे क्रमांक, गट क्रमांक काढून ‘वादी १’, ‘साक्षीदार २’, ‘मिळकत अ’ असे लिहा. नुसते नाव काढणे छोट्या तालुक्यात पुरत नाही. गाव, घटनेची तारीख आणि नाते राहिले तर पंचक्रोशीत कोणीही माणूस ओळखतो, तेही काढा. प्रशिक्षणासाठी मजकूर वापरू देण्याचे सेटिंग बंद करा. पीडीएफ जोडून देणारी किंवा स्कॅनमधून अक्षरे काढून देणारी मोफत संकेतस्थळेही याच नियमात बसवा. लैंगिक अत्याचार, पोक्सो आणि बालकांच्या प्रकरणांचे कागद मात्र कोणत्याही बाहेरच्या साधनात टाकू नका, नावे काढूनही नाही. पीडितेची ओळख उघड करणे न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि तिच्या जबाबातील एखादा तपशीलही ओळख पटवायला पुरेसा असतो.

पक्षकाराला हे सारे आधीच सांगा. वकीलपत्रासोबत एक छोटा कागद जोडता येईल: ‘माझ्या कामासाठी वकील संगणकीय साधनांची, त्यात एआयवर चालणाऱ्या साधनांचीही, मदत घेऊ शकतात. माझी ओळख पटेल असा मजकूर माझ्या लेखी परवानगीशिवाय अशा साधनात घातला जाणार नाही. मसुद्याची तपासणी आणि जबाबदारी वकिलांचीच राहील.’ पक्षकाराने नको म्हटले तर त्याचे काम जुन्या पद्धतीने करा.

हल्ली पक्षकारही एआयला विचारून निवाड्यांची यादी घेऊन येतात. त्यांना झिडकारू नका, पण यादी जशीच्या तशी वापरूही नका. जून २०२५ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने ज्या दोन प्रकरणांत वकिलांना धारेवर धरले, त्यांपैकी एकात दिलेल्या पंचेचाळीस संदर्भांपैकी अठरा अस्तित्वात नव्हते, आणि ते संशोधन पक्षकाराने स्वतः करून वकिलाला दिले होते. न्यायालयाने जबाबदारी वकिलाचीच मानली.

पुराव्याबाबत थोडक्यात सांगतो. धूसर फोटो स्पष्ट करणे, ध्वनिमुद्रणातला गोंगाट काढणे, सीसीटीव्हीतला चेहरा उजळणे ही कामे एआयकडून करून तो पुरावा म्हणून देऊ नका. अशी साधने नसलेले तपशील भरतात. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात हॅश मूल्य द्यावे लागते. मूळ फाइलला हात लागला की ते बदलते. मूळ फाइल तशीच जपा.

ज्युनिअरना मोकळेपणाने विचारा, की या मसुद्यात एआय कुठे वापरले? ओरडा बसेल या भीतीने ते लपवतील असे वातावरण ठेवू नका. शिकाऊ वकिलाला पहिली काही वर्षे मसुदा आधी स्वतः लिहायला लावा आणि मग एआयशी ताडून पाहू द्या. चूक ओळखायला बरोबर काय ते हाताला माहीत असावे लागते. फीबद्दलही प्रामाणिक राहा; दहा मिनिटांत झालेल्या टिपणाचे दोन दिवसांचे पैसे लावू नका. पडताळणीच्या वेळेचे मात्र जरूर घ्या, कारण ते काम तुम्ही केलेले असते.

इतके करूनही एखादा चुकीचा निवाडा दाखल झालाच, तर प्रतिपक्षाने दाखवून देण्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी पुरशिस देऊन तो मागे घ्या, पक्षकाराला कळवा आणि पुढच्या तारखेला न्यायाधीशांसमोर स्वतः उभे राहून सांगा. उद्याच्या बोर्डावरच्या प्रकरणांपासूनच सुरुवात करा: फाइल उघडा, दिलेला प्रत्येक निवाडा मूळ प्रतीत आहे का ते पाहा, आणि जो सापडत नाही तो आजच काढून टाका.